लांब पल्ल्याचा घोडा: आधी घोडी पारखावी, मग वळू

प्रश्न: आमचे गाव चिकोडी तालुक्यात आहे. वडिलांच्या काळी घरी शर्यतीची घोडागाडी होती. आता सतरा वर्षांच्या मुलाला एन्ड्युरन्सची, म्हणजे लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीची ओढ लागली असून ४० किलोमीटरपासून सुरुवात करून पुढे ८० किलोमीटरपर्यंत जाण्याची त्याची इच्छा आहे. दारात मारवाडी वळणाची सहा वर्षांची काळी घोडी आहे. तिच्यावर उंच नुकरा (पांढरा, गुलाबी कातडीचा) वळू घालून घरचेच शिंगरू तयार करावे, असे काहीजण सांगतात. काहींच्या मते तयार घोडा विकत घेणे बरे. आम्ही काय करावे? घोडा घ्यायचा झाल्यास कोणत्या जातीचा घ्यावा, आणि तो कसा पारखावा?

उत्तर: मुलासाठी आत्ता सात ते नऊ वर्षांची, स्वच्छ पायांची, शांत स्वभावाची घोडी विकत घ्यावी, आणि पैदाशीचा विचार त्या घोडीने निदान ६० किलोमीटरचे अंतर निरोगीपणे पार केल्यावर करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण साधे आहे. आज घोडी फळवली तर अकरा महिन्यांनी शिंगरू होईल. ते चार वर्षांचे होईपर्यंत त्याच्या पाठीवर वजन टाकू नये. पुढची दोन-तीन वर्षे हळूहळू अंतर वाढवण्यात जातील आणि ८० किलोमीटरच्या स्पर्धेला ते उभे राहीपर्यंत आपला मुलगा पंचविशीत पोहोचला असेल. शिवाय नवखा स्वार आणि नवखे शिंगरू या जोडीत दोघांचेही नुकसान होते. तयार घोडी मुलाला शिकवील, आणि ती खरी उतरली तर तिच्याच पोटी पुढची पिढी घेता येईल.

या खेळात घोड्याकडून नेमके काय मागितले जाते, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे, कारण आपल्या भागात घोड्याची पारख गाडीच्या शर्यतीवरून करण्याची सवय जुनी आहे. एन्ड्युरन्समध्ये संपूर्ण अंतर टप्प्याटप्प्यांत विभागलेले असते. प्रत्येक टप्प्यानंतर ठरावीक मिनिटांच्या आत घोड्याची नाडी खाली यावी लागते. प्रचलित मर्यादा मिनिटाला ६४ ठोक्यांची आहे. त्यानंतर पशुवैद्य त्याच्या हिरड्या, त्वचेचा ताण आणि आतड्यांचे आवाज तपासतात, पाठीवर व तंगाखाली (खोगिराच्या पोटपट्ट्याखाली) हात फिरवून पाहतात आणि त्याला हातात धरून दुडकी चालवतात. पाय लचकताना दिसला किंवा नाडी उतरली नाही, तर सर्वांत पुढे आलेला घोडाही बाद होतो. शेवटच्या टप्प्यानंतरही हीच तपासणी होते, आणि तीत उत्तीर्ण झाल्याखेरीज निकाल धरला जात नाही. कॅलिफोर्नियातील टेव्हिस कप ही १०० मैलांची स्पर्धा १९५५ पासून चालत आली आहे, आणि आंतरराष्ट्रीय घोडेस्वारी महासंघाने १९७८ मध्ये या प्रकाराला मान्यता दिली. या संपूर्ण काळात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसून आली आहे: जो घोडा तापलेले शरीर लवकर थंड करतो, वाटेत खातो-पितो आणि ज्याचे पाय टिकतात, तोच घोडा वर्षानुवर्षे धावतो.

चिकोडी, रायबाग, अथणी या पट्ट्यात घोडागाडीच्या आणि घोडा-बैल गाड्यांच्या शर्यतींसाठी जी जनावरे जोपासली जातात, ती काही मिनिटांच्या जोरासाठी असतात. त्यांच्या मागच्या मांड्या भरदार असतात, ती सुटण्याआधीच उसळत असतात, आणि बहुतेकांच्या पुढच्या पायांच्या शिरांवर, म्हणजे नळीमागच्या कंडरांवर, कडक रस्त्याने आपली खूण ठेवलेली असते. असा घोडा स्वस्तात मिळतो म्हणून एन्ड्युरन्ससाठी घेऊ नये. पुण्या-मुंबईच्या किंवा बेंगळुरू-म्हैसूरच्या रेसकोर्सवरून निवृत्त झालेल्या थरोब्रेड घोड्यांबाबतही माझे मत बहुतांशी हेच आहे. घोडा देखणा असतो, स्वारीची सवय असते, किंमतही आवाक्यात असते. परंतु तळवे पातळ, अंगावर स्नायूंचा भार अधिक, आणि दोन वर्षांचा असल्यापासून धावल्यामुळे सांध्यांची झीज आधीच सुरू झालेली. ४० किलोमीटरपर्यंत यातले काही घोडे चांगले जातात. त्यापुढे दमट हवेत त्यांची नाडी उतरवताना स्वाराची दमछाक होते.

आपल्याच तालुक्यात दुसरा एक वारसा आहे आणि त्याकडे मी अधिक आदराने पाहतो. अंकलीच्या शितोळे सरकारांच्या वाड्यातून ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्याचे अश्व दरवर्षी निघतात. ते आळंदीपर्यंतचे सुमारे ३०० किलोमीटरचे अंतर पायी जातात आणि तेथून वारीबरोबर पंढरपूरला पोहोचतात. त्या चालीत वेग नसतो, परंतु रोज ठरलेली मजल गाठणे, गर्दीत न बिथरणे, अनोळखी ठिकाणचे पाणी पिणे आणि दुसऱ्या सकाळी पुन्हा ताजेतवाने उभे राहणे हे सर्व असते. एन्ड्युरन्सच्या घोड्याचे अर्धे शिक्षण यातच येते.

आता जातीविषयी. जगभर या खेळात अरबी रक्ताचे वर्चस्व आहे आणि त्यामागे शरीररचनेची कारणे आहेत. हाडे चिवट, कातडी पातळ, वजनाच्या मानाने शरीराचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे उष्णता लवकर बाहेर पडते. स्नायूंमध्ये सावकाश आकुंचन पावणाऱ्या, लवकर न थकणाऱ्या तंतूंचे प्रमाण अधिक असते. मात्र आपल्याकडे खात्रीच्या वंशावळीचे अरबी घोडे कमी आणि महाग आहेत, आणि नुसत्या सांगीव ‘अरबी’ रक्तावर पैसे घालवणे योग्य नाही. खरोखरच अरबी नर वापरायचा असेल, तर शिंगरांची रोगप्रतिकारशक्तीच हिरावणाऱ्या आनुवंशिक दोषाची जनुकीय चाचणी त्याच्या मालकाकडे मागावी. हा दोष आई आणि बाप दोघांकडून आला तरच शिंगरू दगावते, त्यामुळे वाहक जनावर दिसायला पूर्णपणे निरोगी असते.

मारवाडी आणि काठियावाडी या दोन्ही जाती उष्ण, कोरड्या मुलखात घडलेल्या आहेत. खूर टणक, अंग सडपातळ आणि कमी पाण्यावर चालण्याची सवय, हे त्यांचे गुण आपल्या कामाचे आहेत. यांतही मी काठियावाडी किंवा मध्यम उंचीच्या मारवाडीला पसंती देतो. गेल्या काही वर्षांत बाजाराने मारवाडी घोड्याची किंमत इंचांवर लावायला सुरुवात केल्यापासून पैदासकारांनी उंचीच्या मागे लागून लांब नळ्यांचे (नळी म्हणजे गुडघ्याखालचे हाड), अरुंद छातीचे घोडे तयार केले. लग्नाच्या वरातीत ते शोभून दिसतात, परंतु ६० किलोमीटरला त्यांचे पाय साथ सोडतात. १४ ते १५ हातांचा, म्हणजे ५६ ते ६० इंचांचा आटोपशीर घोडा या कामाला पुरेसा आहे.

भीमथडीचा उल्लेख केल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. दख्खनच्या या ठेंगण्या, काटक घोड्याला कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने आता स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली आहे. मराठ्यांच्या घोडदळाचा कणा असलेला हा घोडा आज प्रामुख्याने धनगरांच्या तळांवर दिसतो. मेंढरांमागे संसाराचे ओझे वाहत तो महिनोन्‌महिने चालतो, रात्री उघड्यावर राहतो आणि मिळेल त्या चाऱ्यावर तग धरतो. अशा तळावरची घोडी बारकाईने पाहिली तर तिची नळी आखूड व सरळ, खूर गोल आणि न ठोकताही शाबूत आढळतात. तिची मर्यादा वजनाची आहे. पूर्ण वाढलेल्या जड स्वाराला ती पेलणार नाही. मात्र हलक्या स्वारासाठी आणि पैदाशीतील आईच्या बाजूसाठी तिच्याकडे जेवढे लक्ष द्यायला हवे तेवढे आपण अजून दिलेले नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

वजनाचा हिशेब डोळ्यांनी करू नये. साधी शिलाईची टेप घ्यावी, पुढच्या पायांच्या मागून छातीचा घेर मोजावा, मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत लांबी मोजावी. घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ११,८८० असे केले की किलोग्रॅममध्ये वजन येते. मापे सेंटिमीटरमध्ये हवीत. घेर १७० आणि लांबी १५५ असेल, तर वजन सुमारे ३७७ किलो भरते. स्वार आणि खोगीर मिळून घोड्याच्या वजनाच्या पाचव्या हिस्स्यापेक्षा जास्त भार नसावा, म्हणजे या घोड्यावर ७५ किलो ही सीमा झाली. मुलगा ६५ किलोचा आणि खोगीर आठ-दहा किलोचे धरले तर हा घोडा त्याला बरोबर बसतो. २५० किलोच्या भीमथडी घोडीवर मात्र तोच मुलगा बसणार नाही.

घोडा पाहताना नजर खालून वर न्यावी. बाजारात सगळ्यांची नजर कानांवर, मानेच्या बाकावर आणि रंगावर असते. पंचकल्याण (चारही पाय व तोंड पांढरे) आहे का, देवमण (गळ्यावरचा शुभ भोवरा) कुठे आहे, भोवरा शुभ की अशुभ यावर हजारो रुपये वर-खाली होतात. लांब पल्ल्याला यातले काहीही उपयोगी नाही. उलट ज्याच्या अंगावरच्या एखाद्या भोवऱ्यामुळे गिऱ्हाईक फिरकत नाही, असा स्वच्छ पायांचा घोडा योग्य किमतीत मिळाला तर तो अवश्य घ्यावा.

प्रथम चारही खूर उचलून पाहावेत. पुढचे दोन्ही खूर एकसारख्या आकाराचे आहेत का, टाचा रुंद आहेत की आत दबलेल्या आहेत, तळाशी असलेला मऊ त्रिकोणी भाग भरलेला व कोरडा आहे की त्याला दुर्गंधी येते, हे तपासावे. अथणी-रायबागच्या काळ्या जमिनीत आणि खानापूरच्या पावसात खूर फुगतात, मऊ पडतात आणि उन्हाळ्यात तडकतात. म्हणून ज्याची खुराची भिंत मुळात जाड आहे असाच घोडा आपल्या हवेत टिकतो. त्यानंतर पुढच्या पायाची नळी. घोड्याचा पाय हलकेच उचलून गुडघा दुमडावा, नळीच्या मागची शीर अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून गुडघ्यापासून खालच्या सांध्यापर्यंत सावकाश चाचपावी. ती ताणलेल्या दोरीसारखी स्वच्छ, सलग आणि थंड लागली पाहिजे. मध्येच जाडी वाढली, बोट दाबताच घोड्याने पाय ओढला किंवा एका पायापेक्षा दुसरा पाय किंचित ऊबदार लागला, तर तेथेच व्यवहार थांबवावा. पावणेचारशे किलोच्या घोड्याची नळी गुडघ्याखाली साधारण १८ सेंटिमीटरच्या आसपास भरावी. बारीक नळीवर जड अंग हा या खेळातला सर्वांत महागडा दोष आहे.

पाठ मध्यम लांबीची आणि कमरेपाशी भरलेली असावी. खांद्याचा उंचवटा स्पष्ट असावा, नाहीतर चढ-उतारावर खोगीर पुढेमागे सरकून पाठ सोलते. तंगाच्या जागी आणि उंचवट्यावर पांढरे केस उगवले असतील, तर तेथे पूर्वी जखम होऊन गेलेली आहे असे समजावे. नाकपुड्या मोठ्या, जबड्याच्या दोन हाडांमध्ये मूठ मावेल एवढी जागा आणि खोल छाती हवी. रुंद, पैलवानी छाती नको. वय दातांवरून पाहावे. पाच वर्षांपर्यंत दुधाचे दात पडून पक्के दात पूर्ण होतात, आणि वरच्या कोपऱ्यातील दातावर दहाव्या वर्षाच्या सुमारास दिसू लागणारी उभी खाच पंधराव्या वर्षी दाताच्या मध्यापर्यंत पोहोचते. विक्रेत्याने सांगितलेले वय आणि ही खाच जुळत नसेल, तर बाकीच्या सांगण्यावरही तेवढाच विश्वास ठेवावा.

यानंतरची परीक्षा नाडीची. स्टेथोस्कोप बाजारात कुठेही मिळतो, तो एक विकत घ्यावा. डाव्या कोपराच्या लगेच मागे तो टेकवून १५ सेकंदांचे ठोके मोजावेत आणि चारने गुणावे. विश्रांतीतील घोड्याची नाडी २८ ते ४४ असते. मग घोड्याला पाच-सहा किलोमीटर एकसारखी दुडकी चालवावी, थांबवून तंग सैल करावा, दहा मिनिटे सावलीत उभे करून पुन्हा नाडी मोजावी. त्यानंतर हातात धरून सुमारे ४० मीटर पुढे व तेवढेच मागे दुडकी पळवावे, आणि पळायला सुरुवात केल्यापासून बरोबर एका मिनिटाने तिसऱ्यांदा ठोके मोजावेत. ही शेवटची नाडी आधीच्या नाडीएवढी किंवा तिच्यापेक्षा कमी आली तर हृदय आणि पाय दोन्ही समाधानी आहेत. चारपेक्षा अधिक ठोके वाढले तर घोडा थकलेला आहे किंवा कुठेतरी दुखते आहे. दहा मिनिटांनी न तयार केलेल्या घोड्याची नाडीही ६० च्या खाली आली, तर मी तो घोडा कितीही साधा दिसला तरी पुन्हा पाहायला जातो.

रहवाल चालीबद्दल स्वतंत्रपणे लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे तिचे मोठे कौतुक आहे. ही चाल स्वाराला हलवत नाही आणि मैलच्या मैल आरामात नेते. परंतु पशुवैद्यासमोर घोड्याला सरळ दुडकी चालावी लागते, कारण पायातला दोष त्याच चालीत उघड दिसतो. जो घोडा फक्त रहवालच चालतो आणि दुडकी विसरलेला आहे, त्याच्या तपासणीत नाहक शंका निर्माण होते. दोन्ही चाली मागितल्याबरोबर देणारा घोडा असेल तर उत्तम.

बाजारांपैकी आपल्याला सर्वांत सोयीचा सोलापूर जिल्ह्यातील अकलूजचा, दिवाळीच्या सुमारास भरणारा घोडेबाजार. दत्त जयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला भरणारी यात्रा अधिक मोठी आहे आणि तेथे जातिवंत जनावरे पाहायला मिळतात. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाची यात्राही घोड्यांसाठी प्रसिद्ध आहे. मी या यात्रांना नजर तयार करण्यासाठी जायला सांगतो, पण घोडा शक्यतो मालकाच्या पागेतून घ्यावा. यात्रेत घोडा प्रवासाने थकलेला, गोंगाटाने चेकाळलेला आणि पाहुण्या चाऱ्यावर असतो; शिवाय वेदनाशामक इंजेक्शन देऊन लंगडेपणा झाकण्याचा प्रकार दुर्दैवाने होतो. पागेत मात्र न कळवता दुसऱ्यांदा जाता येते, सकाळी ठाणावरून सोडताना पहिली दहा पावले तो कशी टाकतो हे पाहता येते, आणि घोड्याची निगा राखणाऱ्या मोतद्दाराशी निवांत बोलता येते. मोतद्दार सहसा खरे सांगतो. घोड्याने रात्री पाणी किती प्यायले, चंदी (दाणा) संपवतो का, ट्रकमध्ये चढतो का, हे प्रश्न त्याला विचारावेत; नव्या ठिकाणी पाणी न पिणारा घोडा एन्ड्युरन्समध्ये हमखास अडतो. पैसे देण्यापूर्वी आपल्या विश्वासातल्या पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी आणि रक्ताचा नमुना काढून ठेवावा. मारवाडी घोड्याची नोंदणी आणि मायक्रोचिप असेल तर तिचा क्रमांक स्वतः पडताळावा.

ग्लँडर्सची चाचणी झाल्याखेरीज घोडा दावणीला आणू नये. हा रोग माणसालाही होतो, त्यावर घोड्यांमध्ये उपचार केले जात नाहीत आणि बाधित जनावर कायद्याने नष्ट करावे लागते; २००९ च्या प्राण्यांमधील संसर्गजन्य रोगांच्या कायद्यानुसार तो कळवण्याजोगा रोग आहे. अंतिम निदान हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राकडून होते. महाराष्ट्रातून कर्नाटकात घोडा आणताना आरोग्य प्रमाणपत्र सोबत ठेवावे. घरी आल्यावर तीन आठवडे त्याला जुन्या जनावरांपासून वेगळे बांधावे, बादली आणि खराऱ्याची साधनेही वेगळी ठेवावीत, आणि याच काळात डांसमाश्यांमुळे पसरणाऱ्या सर्रा रोगासाठी रक्त तपासून घ्यावे. धनुर्वाताची लस टाळू नये.

पैदाशीकडे वळतो. आपल्याकडे सगळी चर्चा वळूभोवती फिरते. शिंगराला अर्धा वारसा आईकडून मिळतो हे तर आहेच. पण त्याशिवाय ते अकरा महिने तिच्या पोटात वाढते, पाच-सहा महिने तिच्या दुधावर राहते आणि माणसाला भ्यावे की नाही, पाण्यात पाय घालावा की नाही, हे तिच्याकडे पाहूनच शिकते. म्हणून पैदाशीचा बहुतेक पैसा घोडीवर घालावा आणि वळू विकत घेण्याच्या भानगडीत पडू नये; चांगल्या नराची सेवा शुल्क देऊन मिळते आणि दर वेळी घोडीच्या उणिवेप्रमाणे नर बदलता येतो. जी घोडी पाय बिघडल्यामुळे स्वारीतून बाद झाली, तिला पैदाशीसाठी ठेवण्याची पद्धत मला मान्य नाही. अपघाताने जखमी झालेली घोडी वेगळी. रचनेच्या दोषामुळे लंगडी झालेली घोडी तोच दोष पुढच्या पिढीला देते.

घोडीचा माज साधारण २१ दिवसांनी येतो आणि पाच ते सात दिवस टिकतो. बीज माजाच्या शेवटच्या एक-दोन दिवसांत सुटते, त्यामुळे पहिल्याच दिवशी घाई करून उपयोग नसतो. आपल्या भागात फेब्रुवारी-मार्चमध्ये घोडी फळवावी. शिंगरू जानेवारी-फेब्रुवारीत, कोरड्या हवेत जन्मते आणि जूनचा पाऊस, चिखल व माश्या येईपर्यंत चार-पाच महिन्यांचे सशक्त होते. गर्भधारणा झाल्यावर चौदाव्या ते सोळाव्या दिवशी सोनोग्राफी करून जुळे नाही याची खात्री करावी, कारण घोडीला जुळे क्वचितच सुखरूप पेलवते. जन्मानंतर तासाभरात शिंगराने उभे राहावे, दोन तासांत आचळ धरावे आणि तीन तासांत घोडीची वार पडावी. यातले काही लांबले तर सकाळची वाट न पाहता पशुवैद्याला बोलवावे. पहिल्या सहा तासांत चीक पोटात गेलाच पाहिजे. शिंगराची सुरुवातीची सारी प्रतिकारशक्ती त्यातूनच येते.

शिंगरू वाढवण्याच्या बाबतीत आपल्या पागांमध्ये एक सवय बदलण्याची नितांत गरज आहे. वर्षाच्या आतच त्याला आगाडी-पिछाडी लावून दिवसभर एका जागी बांधून ठेवतात आणि अंग भरावे म्हणून चंदी वाढवतात. हाडे, शिरा आणि खूर हे चालण्यातून घडतात. शिंगराला सोबती हवेत, मुरमाड चढ-उताराचे कुरण हवे, दिवसातले बरेच तास मोकळे फिरायला हवे. हुक्केरी-गोकाककडच्या माळांवर वाढलेले आणि काळ्या मळ्यात दावणीला वाढलेले, अशी एकाच बापाची दोन शिंगरे चौथ्या वर्षी शेजारी उभी केली, तर त्यांच्या नळ्या आणि खुरांमध्ये डोळ्यांनी दिसेल एवढा फरक असतो. पाठीचे मणके पूर्ण पक्के व्हायला पाच-सहा वर्षे लागतात. म्हणूनच आंतरराष्ट्रीय नियमांत १६० किलोमीटरच्या घोड्याचे वय किमान ८ वर्षे ठेवलेले आहे. दम काही महिन्यांत वाढतो, शिरांना वर्षभर लागते आणि हाडांना त्याहून अधिक. घोडा धावू शकतो म्हणून त्याला धावू दिले की पाय जातात ते याच तफावतीमुळे.

चाऱ्याचा प्रश्न उसाच्या पट्ट्यात विशेष गंभीर आहे. साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाचे वाडे फुकटात मिळतात आणि गायी-म्हशींबरोबर घोड्यांच्याही पुढे पडतात. वाड्यांमध्ये आणि नेपियरसारख्या गवतांमध्ये ऑक्झॅलेट असते. ते आतड्यात कॅल्शियमला बांधून ठेवते. त्यातच गव्हाचा कोंडा भरपूर दिला, तर कोंड्यात कॅल्शियमच्या कित्येक पट फॉस्फरस असल्याने तूट आणखी वाढते. शरीर मग ही तूट हाडांतून भरून काढते. घोडा आधी पाय बदलत लचकू लागतो, कारण सापडत नाही, आणि पुढे चेहऱ्याची हाडे दोन्ही बाजूंनी फुगतात. गाभण घोडी आणि वाढते शिंगरू यांना वाडे मुळीच देऊ नयेत. ज्वारीच्या कडब्याची बारीक कुट्टी, वाळलेले गवत, त्यासोबत कॅल्शियमसाठी लसूणघास, भिजवलेला हरभरा किंवा ओट मर्यादेत, आणि रोज ३० ते ४० ग्रॅम मीठ, असा आहार मी सुचवतो. एकूण कोरडा चारा वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास असावा, म्हणजे आपल्या ३७७ किलोच्या घोड्याला साडेसात किलो. पाण्याचा ताण बसलेली कोवळी हिरवी ज्वारी टाळावी. किरळाची, म्हणजे अशा कोवळ्या ज्वारीमुळे होणारी, विषबाधा सर्वांना ठाऊक आहे, आणि हिरव्या ज्वारीवर सतत ठेवलेल्या घोड्याला लघवीचा व मागच्या पायांचा विकार जडतो. घोड्याला तासाला १० लिटरपर्यंत, कधी त्याहूनही अधिक घाम येतो आणि त्या घामातून रक्तापेक्षाही अधिक प्रमाणात क्षार जातात, त्यामुळे लांब सरावाच्या दिवशी पाण्याबरोबर क्षारही द्यावे लागतात.

आता आपल्या काळ्या घोडीविषयी. नुकरा वळू तिच्यावर घालू नये. गुलाबी कातडी उन्हात भाजते, खोगिराखाली लवकर सोलते, आणि उंचीचा आग्रह धरल्यास नळ्या अधिकच लांबतील. घोडी सहा वर्षांची आहे, म्हणजे तिची परीक्षा घ्यायला वय योग्य आहे. तिच्या शिरा वर सांगितल्याप्रमाणे तपासाव्यात, आणि त्या स्वच्छ असतील तर घटप्रभेच्या कालव्याकाठच्या मातीच्या रस्त्यांवर आठवड्यातून तीन दिवस, सुरुवातीला केवळ चालीने आणि दोन महिन्यांनंतर थोडी दुडकी मिसळून तिला फिरवावे. प्रत्येक फेरीनंतर दहाव्या मिनिटाची नाडी वहीत लिहून ठेवावी. वर्षभरात तिने ४० किलोमीटर अंतर पाय न बिघडता आणि नाडी वेळेत उतरवून पार केले, तर तिलाच ६० किलोमीटरसाठी तयार करावे. तसे झाल्यास पैदाशीसाठी वेगळी घोडी घेण्याचा खर्चही वाचेल. ६० किलोमीटरही निरोगीपणे पार पडल्यावर तिच्यासाठी आखूड नळीचा, ५८ ते ६० इंचांचा काठियावाडी नर शोधावा, शक्यतो ज्याची शिंगरे आज स्वारीखाली आहेत असा. वर्षाच्या आतच तिच्या शिरांना सूज येऊ लागली, तर तिला घरच्या हलक्या कामाला ठेवावे आणि फळवू नये.